वायर महाग हवी की जाड?

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

कापूस वेचून आलेल्या, चुलीवर भाकर टाकून बसलेल्या, गटाच्या बैठकीसाठी एकीच्या ओसरीत जमलेल्या सगळ्या बायांना माझा रामराम.

मी घरातलं वायरिंगचं काम करते. पंखा, बोर्ड, मिक्सरची वायर, देवघरातली माळ, असं सगळं. आज मी वायरीबद्दलच बोलणार आहे, पण विजेच्या बोर्डाबद्दल नाही. प्रश्न असा आहे की स्पीकरला कोणती वायर लावली यानं आवाजात फरक पडतो का? घरी होम थिएटर असेल, टीव्हीचा बॉक्स असेल, नाही तर गटानं घेतलेला सेट असेल. दुकानदार म्हणतो, "ताई, केबल भारी घ्या, आवाज खुलून येईल." घ्यावी का? किती पैसे घालावे? हा प्रश्न आमच्या गटापुढं आला, तेव्हा त्यात सोळा हजार रुपये होते आणि एका पोरीचं काम होतं. म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगते.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. तीन वर्षांआधी गटानं कर्ज घेऊन साऊंडचा एक लहान सेट घेतला. एक मशीन, म्हणजे अँप्लिफायर, दोन बॉक्स, दोन माईक. मोठ्या लग्नाला बिछायत केंद्रवाले असतातच. आपला सेट बारशाला, हळदीकुंकवाला, सामुदायिक प्रार्थनेला, शाळेच्या पंधरा ऑगस्टला. भाडं कमी, म्हणून लोक बोलावत. सेट लावायचं काम आम्ही गटातल्या एकीच्या सुनेला दिलं. पोरगी बावीस वर्षांची, बारावी झालेली, हाताला चलाख. तिला दर कार्यक्रमामागं मेहनताना मिळे, आणि तो तिचा स्वतःचा पैसा होता.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात एका बारशाला सेट गेला. मशीन घरात आणि बॉक्स पार आंगणाच्या टोकाला, मांडवात. बाया पाळणा म्हणायला लागल्या आणि मागच्या ओळीतून ओरड सुरू झाली, "आवाजच येऊन नाही रायला!" पोरीनं आवाज वाढवला, तर तो फाटायला लागला. ढोलकी तर कुठं गेली तेच कळेना. जेवणाच्या पंगतीत एक पाहुणे सर्वांच्या देखत बोलले, "बाईच्या हाती मशीन देल्यावर असंच होईन. बायकाइचं काम नोहे हे."

पोरगी काही बोलली नाही. वायर गुंडाळली आणि घरी गेली.

पुढच्या दोन सुपाऱ्या तुटल्या. आम्ही तालुक्याच्या एका दुकानात विचारायला गेलो. त्यानं एक केबल दाखवली. जाड, चकचकीत, पारदर्शक साल, टोकाला सोनेरी पिना. मीटरला चारशे रुपये. आम्हाला चाळीस मीटर पाहिजे होती, म्हणजे सोळा हजार. तो म्हणाला, साध्या वायरीनं आवाज मरतो, या केबलीनं शब्द न् शब्द मोकळा होतो. नमुना म्हणून पाच मीटरचा तुकडा त्यानं आठ दिवस वापरायला दिला. तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. त्याला कंपनीनं जे सांगितलं, ते त्यानं आम्हाला सांगितलं.

गटाची बैठक बसली. ठराव दोन होते. पहिला, सोळा हजाराची केबल घ्यायची. दुसरा, सेट लावायला आता गावातला एखादा पोरगा रोजीनं ठेवायचा. मी म्हटलं, बायांनो, सही करायच्या आधी चार दिवस थांबा. आधी पाहू तरी की वायर करते काय.

तर वायर करते काय? तुमच्या ओळखीच्या गोष्टीनं सांगते. शेतातली मोटर घ्या. डीपीपासून विहीर दूर असली आणि केबल बारीक असली, तर मोटर गुणगुणते पण पाणी उचलत नाही. तोच पंप डीपीजवळ लावला तर धो धो पाणी. मोटर तीच, वीज तीच. मग फरक कुठं गेला? वाटेत वायरीनं खाल्ला. वायर म्हणजे पाईप समजा. पाईप जितका बारीक आणि जितका लांब, तितकं टोकाला पाणी कमी. पाईप सोन्याचा केला तरी त्याचं भोक बारीकच राहिलं, तर धार वाढत नाही.

स्पीकरचंही असंच आहे. मशीनमधून वीज निघते, वायरीतून बॉक्सपर्यंत जाते आणि बॉक्समधला कागदी पडदा मागंपुढं हलवते. तो पडदा हवा ढकलते, तो आवाज. बॉक्सच्या मागं पाहा, ८ किंवा ४ असा आकडा लिहिलेला असतो आणि पुढं ओहम. हा बॉक्सचा अडथळा. वायरीलाही तिचा स्वतःचा अडथळा असतो. वायरीचा अडथळा बॉक्सच्या मानानं अगदी कमी असला, तर तिनं काहीच बिघडत नाही. तो वाढला, तर बॉक्सच्या वाट्याची वीज वायरच खाते आणि थोडी गरम होऊन बसते.

कोणी विचारेल, मग टेलिफोनची वायर तर केवढी बारीक, तरी बोलणं कोसावर कसं जाते? सेवाग्राम आश्रमात गेलात तर गांधीजींशी बोलता यावं म्हणून इंग्रज सरकारनं बसवलेला टेलिफोन आजही पाहायला मिळतो. त्या काळी त्या तारेवरून दूरदूरचं बोलणं होत होतंच. ते जमे, कारण टेलिफोनला वीज लागते अगदी थेंबभर. कानाला लावलेली लहानशी चकती हलवायची असते, तेवढंच. मांडवातला बॉक्स हलवायला मात्र मोठी धार लागते. थेंब बारीक नळीतून जाईल, धार जाणार नाही. म्हणून माईकची वायर बारीक असली तरी चालते, स्पीकरची मोठ्या अंतरावर चालत नाही.

एवढं समजल्यावर आम्ही परीक्षा घ्यायची ठरवली. पहिली माझ्या घरात, कारण बहुतेक लोक स्पीकर घरातच ऐकतात.

एक बॉक्स खोलीत ठेवला. मशीन मधल्या दाराच्या पलीकडं. दुकानदाराचा पाच मीटरचा तुकडा एकीकडं आणि तेवढीच लांब आमची साधी वायर दुसरीकडं. साधी म्हणजे दुकानात जिला २३/७६ म्हणतात ती. यातला पहिला आकडा म्हणजे आत तेवीस बारीक तारा आहेत. सगळ्या मिळून जाडी पाऊण चौरस मिलिमीटरच्या जरा आत. पंख्याला, टेबललॅम्पला असते, तसली.

आधी उघडपणे ऐकलं. साधी वायर लावली, भजनाचा तुकडा वाजवला. मग महाग केबल लावली, तोच तुकडा. सगळ्या बाया म्हणाल्या, "माय! आवाज कसा खुलला!" मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग पलीकडच्या खोलीतून माझी भाची हसत आली. तिनं वायर बदललीच नव्हती. दोन्ही वेळा साधीच होती. आम्ही फक्त तिच्या हातातली चकचकीत केबल पाहिली होती.

आमच्या हे डोक्यात बसलं. आवाज कानानं ऐकू येते, पण डोळा आणि किंमतही त्यात बोलतात. नवं लुगडं नेसलेल्या बाईच्या हातची भाजी जास्त चवदार लागते, तसं. म्हणून परीक्षा घ्यायची तर न पाहता घ्यायची.

मग पद्धत ठरवली. मशीनच्या आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी लावली, म्हणजे ते हलणार नाही. भाची पलीकडं. ती दर वेळी नाणं उडवे. छापा आला तर महाग, काटा आला तर साधी. वायर बदलायची असो नसो, ती दर वेळी दोन्ही टोकं सोडून पुन्हा लावे, म्हणजे लागणाऱ्या वेळावरून आम्हाला काही कळू नये. इकडं आम्ही नऊ जणी. प्रत्येकीजवळ एक वाटी. महाग वाटली तर ज्वारीचा दाणा, साधी वाटली तर तुरीचा. एकमेकींशी बोलायचं नाही, वाटी झाकून ठेवायची. असे दहा वेळा. नऊ बाया, दहा वेळा, नव्वद उत्तरं.

त्यातली बरोबर किती आली? सत्तेचाळीस. आता डोळे मिटून नुसतं नाणं उडवलं असतं, तरी नव्वदपैकी पंचेचाळीसच्या आसपास बरोबर आली असती. म्हणजे कोणालाच काही कळलं नाही. एक मावशी मात्र दहापैकी सात बरोबर. ती म्हणाली, "तुमाले नाही, मले ऐकू येते." बरं म्हटलं, मावशी, पुन्हा बसा. दुसऱ्यांदा दहापैकी चार. नऊ जणी नाणी उडवत बसल्या तर एखादीला सात छापे येतातच. एकदा जुळलं म्हणून खरं मानायचं नसतं, पुन्हा जुळते का ते पाहायचं असते.

हे काही आमच्याच गावचं शहाणपण नाही. अमेरिकेत 'स्टिरिओ रिव्ह्यू' नावाचं मासिक होतं. त्यांनी १९८३ साली अशीच न दाखवता परीक्षा घेतली होती. गाण्याचा तुकडा लावल्यावर दिव्याची साधी जाड वायर आणि महागडी स्पीकर केबल यांतला फरक ऐकणाऱ्यांना ओळखता आला नाही. पुढं २००७ साली जेम्स रँडी नावाच्या जादूगारानं आव्हान दिलं. आपल्याकडं अंधश्रद्धा निर्मूलनवाले चमत्कार सिद्ध करून दाखवा म्हणतात ना, तसलंच ते काम करायचे. बाजारात ७,२५० डॉलरची स्पीकर केबल विकायला होती. रँडी म्हणाले, ती न पाहता, नुसत्या कानानं दुसऱ्या चांगल्या केबलीपासून ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर देतो. बोलणी झाली, वाद झाले, पण ती परीक्षा शेवटी झालीच नाही.

घरात फरक का कळला नाही, याचा हिशोबही सोपा आहे. पाच मीटर वायर म्हणजे जायची पाच आणि यायची पाच, दहा मीटर तांबं. आमच्या साध्या वायरीचा तेवढ्या लांबीचा अडथळा पाव ओहमच्या आसपास. बॉक्स आठ ओहमचा. म्हणजे आठ शेर दाण्यातून पावशेर कमी झाले. एवढा फरक कान धरत नाही. तर बायांनो, पहिलं उत्तर पक्कं लिहून घ्या. घरच्या घरी, चार-पाच मीटरच्या आत, तांब्याची साधी वायर नीट जोडली असेल, तर महाग केबलीनं आवाज चांगला होत नाही.

पण मग बारशाला आवाज मेला होता, ते काय? ते तर खरंच झालं होतं. आमच्या गटातली एक म्हणाली, "घरात नाही ना झालं, आंगणात झालं. आंगणातच पाह्य."

म्हणून दुसरी परीक्षा आंगणात. आमची तीच २३/७६, पण आता चाळीस मीटर. तिच्यासमोर माझ्याजवळ कामासाठी आणलेली अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची दोन तारांची केबल, तीही चाळीस मीटर. सोनेरी पिना नाहीत, काही नाही. टोकाला दोन बॉक्स. तीच भाची, तेच नाणं, त्याच वाट्या. या वेळी नव्वदपैकी अठ्ठ्याऐंशी उत्तरं बरोबर. दाणे मोजायचीसुद्धा गरज नव्हती, बायांच्या तोंडावरच दिसत होतं.

कारण ऐका. चाळीस मीटर म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी मीटर तांबं. बारीक वायरीचा अडथळा झाला दोन ओहम. आणि आठ-आठ ओहमचे दोन बॉक्स एकाच वायरीवर शेजारी-शेजारी लावले, की दोघं मिळून चारच ओहमचे होतात. आता चाराच्या तोंडाशी दोन! मशीनजवळच बॉक्स असते तर ज्यांना शंभर हिस्से ताकद मिळाली असती, त्यांना मिळाली चव्वेचाळीस. जाड केबलीनं तीच पोचली सत्त्याहत्तर. ताकद अर्धी झाली म्हणजे कानाला आवाज अर्धा वाटतो असं नाही, कान जरा उदार असतो. पण कमी झालेला नक्की कळते. मग आपण मशीनचं बटण पिळतो, मशीन तिच्या ताकदीपलीकडं जाते आणि आवाज फाटतो. बारशाला हेच झालं होतं.

तर दुसरं उत्तर हे. लांब अंतरावर वायरीनं फरक पडतो आणि चांगलाच पडतो. तो पडतो जाडीनं आणि लांबीनं. किमतीनं नाही, सोनेरी पिनांनी नाही, पारदर्शक सालीनं नाही. त्या दुकानदाराची केबल लांबवर लावली असती तर आवाज सुधारला असता, कारण ती जाड होती. पण तेवढ्याच जाडीची साधी तांब्याची केबल मला मीटरला शंभराच्या आसपास मिळाली. सोळा हजाराच्या जागी चार हजार.

इथं कार्यक्रम संपला असता तर मला बरं वाटलं असतं. पण अजून एक गोष्ट उरली होती. जाड केबल लावून आवाज वाढला, तरी ढोलकी येत नव्हती. दोन बॉक्सच्या मधोमध उभं राहिलं की आवाज पोकळ, डब्यात बोलल्यासारखा. एका बॉक्सजवळ गेलं की ठीक.

मी दोन्ही बॉक्सच्या मागं जाऊन पाहिलं. आमच्याकडं वायर मशीनपासून पहिल्या बॉक्सला जाते आणि तिथून पुढचा तुकडा दुसऱ्या बॉक्सला. तो पुढचा तुकडा आम्ही तोच ठेवला होता. पावसाळ्यात उंदरानं तो कुरतडला होता आणि मधे जोड मारला होता. त्या जोडात तारा उलट्या झाल्या होत्या. लाल काळ्याला, काळी लालला.

यानं काय होते? एका बॉक्सचा पडदा पुढं येते तेव्हा दुसऱ्याचा मागं जाते. एक हवा ढकलते, दुसरा ओढते. उखळात दोघी कांडत असल्या आणि दोघींचं मुसळ एकदमच खाली आलं तर काय होईल? मुसळात मुसळ अडकते. आवाजाचंही तसंच. ढोलकीचा, पखवाजाचा भारी आवाज मधल्या जागेत एकमेकांना खाऊन टाकते. वायर कितीही महाग घ्या, ही चूक तिनं दुरुस्त होत नाही. आणि अगदी स्वस्त वायर असली तरी ही चूक दोन मिनिटांत फुकट दुरुस्त होते.

तो जोड कोणी मारला होता? मी. घाईत, संध्याकाळी, कंदिलाच्या उजेडात. पोरीनं नाही. तिनं तर दोन्ही बॉक्सला रंग पाहून बरोबर लावलं होतं. चूक माझ्या चिकटपट्टीच्या आत झाकलेली होती. बारशात बोलणी तिनं खाल्ली.

पुढच्या बैठकीत मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना तोंड कडू झालं, पण सांगितलं. पोरगा ठेवायचा ठराव कोणी पुन्हा काढला नाही.

आता कामाच्या चार गोष्टी सांगते. वही असेल तर लिहून घ्या.

वायर घेताना पहिलं पाहायचं, आत तांबंच आहे का. बाजारात अशी वायर येते जिला वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. दिसते लाल, पण अडथळा तांब्यापेक्षा बराच जास्त आणि वाकवली की लवकर तुटते. एक तार काढून ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याची नाही. हातात घेऊन वजनही पाहा, खोटी हलकी लागते. विजेच्या वायरीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ असं लिहिलेलं असते, तेही पाहा.

दुसरं, जाडी. घरात पाच मीटरपर्यंत २३/७६ पुरे. दहा-पंधरा मीटर असेल तर ४०/७६ किंवा दीड चौरस मिलिमीटर. त्यापुढं अडीच. आणि शक्य असेल तिथं अंतरच कमी करा. मशीन बॉक्सजवळ न्या आणि माईकची वायर लांब ठेवा. तीन पिनांची, जाळीवाली चांगली माईक वायर लांबवर चालते, मघा टेलिफोनचं सांगितलं तेच कारण. फक्त ती विजेच्या वायरीला चिकटून नेऊ नका, नाही तर भुणभुण येते. देवळावरच्या भोंग्यांचं वेगळं असते. त्यांच्यासाठी मशीनच्या मागं शंभर व्होल्टची वेगळी जागा असते, भोंग्याला लहान ट्रान्सफॉर्मर असते, म्हणून त्यांना बारीक वायर लांबपर्यंत चालते. पण शंभर व्होल्ट म्हणजे झटका बसू शकते, हे ध्यानात असू द्या. आणि साधा बॉक्स त्या जागी चुकूनही लावू नका, जळेल.

तिसरं, जोड. मशीन बंद करूनच वायर लावायची. तारांना पीळ द्या, एकही केसासारखी तार बाहेर राहू देऊ नका. लाल-काळीच्या तारा एकमेकींना लागल्या की मशीन बसते. पावसाळ्यानंतर टोकं पाहा. हिरवी-काळी पडली असतील तर तेवढा तुकडा कापून नवं टोक काढा. उलट-सुलट समजत नसेल तर घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या. वायर मशीनपासून पूर्ण सोडवा आणि सेलची दोन टोकं वायरीच्या दोन तारांना क्षणभर टेकवा. खर्र होईल आणि पडदा हलेल. दोन्ही बॉक्सचे पडदे लाल तार सेलच्या वरच्या टोकाला लावल्यावर एकाच दिशेनं हलले पाहिजेत. जाळीमुळं पडदा दिसत नसेल, तर जाळी काढून पाहा. आणि स्पीकरच्या वायरीला विजेची टू-पिन कधीही लावू नका. कोणी लहान मूल ती बोर्डात घालेल.

चौथं, बॉक्स ठेवायची जागा. पैसे न लागता आवाज सगळ्यात जास्त बदलते तो इथं. बॉक्स जमिनीवर ठेवला तर पुढच्या ओळीच्या पाठीच आवाज खातात. बसलेल्या बायांच्या डोक्याच्या वर येईल एवढ्या टेबलावर ठेवा, तोंड लोकांकडं. एकच बॉक्स पुढं ठेवून मोठ्यानं वाजवण्यापेक्षा दुसरा मधे ठेवा आणि बटण कमी करा. टिनाच्या छताच्या समाजमंदिरात शब्द घुमतात, तिथं मागच्या भिंतीला चार-दोन गोधड्या टांगल्या तरी शब्द मोकळे होतात. घरातही रिकाम्या खोलीत आवाज घुमते, गादी-कपडे असलेल्या खोलीत घुमत नाही. सोळा हजाराच्या केबलीनं जे झालं नसतं, ते गोधडीनं होते. आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत मोकळ्या जागी लाऊडस्पीकर लावायला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. कोणाचं आजारी माणूस झोपलं असते, कोणाची पोरगी अभ्यास करत असते.

बाया मला विचारतात, मग महाग वस्तू कधीच घ्यायची नाही का? घ्या की. पण महाग का आहे, ते विचारून घ्या. जाडी वाढली म्हणून महाग असेल आणि तुम्हाला लांब न्यायची असेल, तर ते पैसे कामाचे. चमक वाढली म्हणून महाग असेल, तर ते पैसे तुमच्या कापसाचे, तुमच्या शेवयांचे, दर महिन्याच्या शंभर-शंभर रुपयांच्या बचतीचे आहेत. दुकानात कोणी म्हणालं की फरक ऐकू येते, तर भांडू नका. एवढंच म्हणा, "भाऊ, मी पाठ करून उभी राहते. तुम्ही बदला, मी ओळखते."

गटानं शेवटी काय केलं ते सांगून थांबते. सोळा हजाराचा ठराव खोडला. चार हजाराची केबल आणली. दुकानदाराचा तुकडा पुसून, गुंडाळून परत केला. उरलेल्या पैशातून गटातल्या एकीला बी-बियाण्यासाठी अंतर्गत कर्ज दिलं. त्या बारशाच्या घरी दिवाळीनंतर पुन्हा कार्यक्रम होता, सत्यनारायणाचा. आम्ही स्वतःहून जाऊन म्हटलं, या वेळी भाडं घेत नाही, फक्त लावू द्या. तेच पाहुणे आले होते. पोरीनं सेट लावला. मांडवाच्या शेवटच्या ओळीत मी मुद्दाम जाऊन बसले. ढोलकी अशी येत होती, जशी शेजारी वाजते आहे.

पाहुण्यांनी जेवताना विचारलं, "आज मशीन कोणाची आणली?"

पोरीनं वाढता वाढता सांगितलं, "तीच हाये काका. वायर बदलली फक्त."